तारखेची घोडी आणि वाढीव मुदत

मी एक जुनी घोडी आहे. दचकू नका, मित्रांनो. मी खिंकाळत नाही, लाथ मारत नाही आणि मला चाराही लागत नाही. लाकडाची एक बैठक, तिच्यावर शेजारी शेजारी बसणारे दोन चौकोनी ठोकळे आणि त्यांच्या पायाशी महिन्याच्या नावाची एक दांडी, एवढाच माझा संसार. ठोकळ्यांवर आकडे कोरलेले आहेत. रोज सकाळी कुणीतरी ते फिरवायचे आणि मी दिवसभर सगळ्यांना तारीख सांगायची, हे माझं काम. म्हणून मला म्हणतात तारखेची घोडी.

माझा जन्म हाडांच्या दवाखान्यातला. तिथे एक सुतारमामा होते. कुबड्या, फळ्या, मोडका पाय टांगून ठेवायच्या चौकटी, असं सगळं ते मागच्या शेडमध्ये बनवायचे. एकदा कुबड्यांची एक जोडी फार लांब झाली, ती कापावी लागली, आणि कापलेल्या तुकड्यांतून मी झाले. लोकांना आधार देणं माझ्या रक्तातच आहे, असं मी म्हटलं असतं. पण ताईंना असली वाक्यं आवडत नाहीत.

ताई म्हणजे त्या दवाखान्यातल्या प्लॅस्टरताई. त्यांच्यासाठीच मला बनवलं होतं. डॉक्टर हाड बसवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. मग प्लॅस्टर घालायचं, सुकवायचं आणि मुदत भरली की कापून काढायचं, हे सगळं ताईंचं राज्य. प्लॅस्टर सुकलं की त्या जाड पेनाने त्यावर दोन तारखा लिहायच्या. एक घातल्याची, दुसरी काढायची. त्यासाठी समोर तारीख हवी.

सुतारमामा मला घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"ताई, घोटाळा झालाय. नऊला जागाच उरली नाही."

"अशी कशी उरली नाही? मोजून कोरायचं ना, मामा!"

"मोजूनच कोरलंय. दोन ठोकळ्यांच्या बाजू बारा. शून्य, एक आणि दोन दोन्हीकडे लागतात, नाहीतर अकरा आणि बावीस कसे दाखवणार? ते झाले सहा. तीनपासून आठपर्यंत आणखी सहा. संपलं. इंग्रजी आकड्यांत सहा उलटा केला की नऊ होतो. आपला सहा उलटा केला तर तो नुसताच शीर्षासन करतो."

"मग नऊ तारखेला ज्याचा पाय मोडेल त्याने काय करायचं?"

मामांनी डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी एक तिसरा ठोकळा करून आणला. त्याच्या एका बाजूवर ९, बाकी पाच बाजू कोऱ्या. नऊ, एकोणीस आणि एकोणतीस या तारखांना तो उजवीकडच्या ठोकळ्याच्या जागी बसायचा. एरवी माझ्या मागे पडून राहायचा. ताईंनी त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"महिन्यातून तीन दिवस कामाला येतो आणि उरलेले दिवस लोळत पडतो," त्या म्हणाल्या. "याचं नाव नवरोबा."

सगळी खोली हसली. ज्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या तेसुद्धा, एक हात छातीवर दाबून.

मित्रांनो, चौतीस वर्षं मी त्या टेबलावर बसले. किती माणसं पाहिली म्हणून सांगू! झाडावरून पडलेली, शिडीवरून पडलेली, आणि काही नुसतीच बसल्या खुर्चीवरून पडलेली. सगळ्यांचं शेवटी एकच मागणं असायचं. "ताई, दोन दिवस आधी काढा ना."

"तारीख म्हणजे तारीख," ताई म्हणायच्या.

एका मुलीचं लग्न तिच्या तारखेच्या दोन दिवस आधी होतं. तिची आई रडली, मावशी रडली, होणारी सासू तर भांडायलाच आली. ताईंनी प्लॅस्टर काढलं नाही. त्यांनी रात्री घरी बसून लग्नाच्या कपड्यांच्या रंगाची एक बाही शिवली आणि प्लॅस्टरवर चढवून दिली. "घाईने काढलं तर वाकडं जुळतं," त्या त्या मुलीला म्हणाल्या. "लग्न काय, एका दिवसात होतं. हात जन्मभर वापरायचाय." त्यांचा तो शांत आवाज मला अजून ऐकू येतो. मोठमोठ्या डॉक्टरांना मी टेबलावर हात आपटताना पाहिलंय. ताईंनी कधी आवाज चढवला नाही आणि कधी तारीख बदलली नाही.

मग ताई निवृत्त झाल्या. दवाखान्यात तोवर भिंतीवर तारीख दाखवणारा पडदा आला होता. निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, ही घोडी तुम्हीच न्या. तिच्यावर आता कोण बसणार?" ताईंनी मला ओच्यात घेतलं आणि घरी आणून कपाटात ठेवलं. पुढची दोन वर्षं मी उशांच्या अभ्र्यांमागे काढली. तारीख तीच राहिली. ३१ मार्च. कुणी दार उघडलं की उजेड यायचा, हात यायचा, अभ्रा घेऊन जायचा. मी रागावले नाही. पण ज्याला रोज कुणीतरी विचारायचं, त्याला कुणीच विचारेनासं झालं की कसं वाटतं, हे ताईंनाही त्या दोन वर्षांत कळत होतं. भिंतीपलीकडून मला त्यांची पावलं ऐकू यायची. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर.

आता त्यांच्या यजमानांबद्दल सांगते. ते घरोघर फिरून विजेचे मीटर तपासायचे. सगळे त्यांना मीटरराव म्हणायचे. बोलायला लागले की मीटर थांबायचं नाही, हेही एक कारण होतं. तेही निवृत्त. दोघांची एकुलती एक लेक परदेशात, समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचं काम करते. ती म्हणाली, "सहा महिन्यांसाठी या तरी! आवडलं तर पुढचं बघू."

सामान बांधताना ताईंनी कपाट उघडलं, अभ्रे बाजूला केले आणि मला उचललं.

"ही कशाला?" मीटरराव म्हणाले. "तिकडे तारखा नसतात का?"

"असतात. पण आपल्या आकड्यांत नसतात."

अशी मी परदेशी आले. किनाऱ्यावरचं एक गाव, जवळच बंदर, आणि एका पावभट्टीच्या वरच्या मजल्यावर लेकीच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत मला जागा मिळाली. रोज सकाळी ताई माझे ठोकळे फिरवायच्या, आणि पहाटेच्या पावाचा वास खालून माझ्या लाकडात शिरायचा. मी पुन्हा कामाला लागले. माझ्यासारख्या म्हातारीला आणखी काय हवं?

मीटररावांना ते गाव फारच आवडलं. त्यांचे गुडघे दुखायचे, पण तिथले पदपथ सपाट होते आणि शंभर पावलांवर बाक होता. बंदराजवळचा एक बाक त्यांनी आपला करून टाकला. जाता येता लोकांच्या दारातले मीटर वाकून वाचायची सवय मात्र सुटली नव्हती. लेकीने हात जोडले. "बाबा, एक दिवस पोलीस येतील हं."

"येऊ देत. त्यांच्या घरचं रीडिंग सांगेन."

चौथ्या महिन्यात त्यांनी तो विषय काढला. "अगं, इथे निवृत्त माणसांना राहायचा परवाना मिळतो म्हणे. आपण इथेच राहू या का? लेक इथे, माझा बाक इथे."

"आणि मी कुठे?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्हाला बाक आहे. तिला पवनचक्क्या आहेत. माझे हात दिवसभर काय करणार? इथल्या एका माणसाला माहीत नाही मी कोण ते. घरी निदान रस्त्यात कुणीतरी थांबून म्हणतं, ताई, हा बघा, तुम्ही जोडलेला हात."

मीटरराव आपल्या बाकाकडे निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय. तिसऱ्या दिवशी लेकही बोलली. ताई कुणालाच हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. इकडे सहा महिने संपत आले. राहण्याची मुदत चोवीस ऑक्टोबरपर्यंत होती. त्या तारखेच्या आत कचेरीत जाऊन मुदत वाढवून घेतली नाही, तर दोघांना निघावं लागणार होतं, आणि मुदत चुकवणाऱ्याला दोन वर्षं पुन्हा यायची परवानगी नव्हती. म्हणजे निर्णय ताईंचा राहणार नव्हता. तो त्या तारखेचा होणार होता.

लेकीला तीन आठवड्यांसाठी समुद्रावर जायचं होतं, तिथे फोन लागेल की नाही याचा भरवसा नव्हता. तिने सगळे कागद लावून ठेवले. "आई, वीस तारखेला जाऊन या. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस."

"चोवीस दिलीय ना? मग चोवीसला जाऊ. दिलेली तारीख पाळायची असते."

"आई, हे प्लॅस्टर नाही."

"सगळं प्लॅस्टरच असतं," ताई म्हणाल्या.

आणि मित्रांनो, इथे माझ्याकडून एक पाप घडलं. म्हणजे माझ्याकडून नाही, पण माझ्यामुळे.

लेक गेली आणि दुसऱ्याच दिवशी, आठ तारखेला, ताईंना ताप भरला. घोडी फिरवायचं काम मीटररावांकडे आलं. नऊ तारीख उजाडली. नवरोबाला बोलावणं आलं, पण नवरोबा जागेवर नव्हता. तो कुठे होता हे मला खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. आठवड्यापूर्वी जेवायचं टेबल डगमगत होतं, म्हणून मीटररावांनी स्वतःच्या हाताने त्याला एका पायाखाली सरकवलं होतं, आणि विसरून गेले होते. मी आकांताने सांगितलं असतं. पण घोडी असले तरी मला तोंड नाही.

मीटरराव म्हणाले, "राहू दे आठच." दुसऱ्या दिवशी उठले, माझ्याकडे पाहिलं, आठ दिसली. म्हणाले, "म्हणजे आज नऊ. पण नऊ तर नाही. राहू दे आठच." काम नसलेल्या माणसाला वार कसला आणि तारीख कसली! तिसऱ्या दिवशी ताईंचा ताप उतरला.

"अहो, आठ तारीख किती दिवस चालणार?"

"नवरोबा सापडत नाहीये."

"तुम्हालाच सापडायचा. काल नऊ होती ना? मग आज दहा लावा."

त्या दिवशी खरं तर अकरा होती. त्या क्षणापासून मी एक दिवस मागे पडले. पुढे एकोणीसची पाळी आली तेव्हाही नवरोबा सापडला नव्हता; ताईंनी दोन दिवस अठराच ठेवली आणि मग मोजून वीस लावली.

तुम्ही म्हणाल, फोन नव्हता का? होता. पण मीटररावांनी फोन ठेवलाच नव्हता. "आयुष्यभर आकडे वाचले, आता खिशात मीटर नको." आणि ताईंचा फोन अजून आपल्या घरच्या वेळेवर लावलेला होता, धाकट्या बहिणीला झोपेतून उठवायला नको म्हणून. तो संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाची तारीख दाखवायला लागायचा. ताईंना त्याची सवय होती. "हा नेहमी पुढे धावतो," त्या म्हणायच्या. त्यांचा विश्वास माझ्यावर. आणि माझे आकडे तर त्या गावात दुसऱ्या कुणाला वाचताच यायचे नाहीत! चूक दाखवणार कोण?

खालचे भट्टीवाले तेवढे रोज वर यायचे. भला माणूस. त्यांचं आणि ताईंचं बोलणं तिथल्या भाषेत, ताईंची अर्धी वाक्यं आणि उरलेले हातवारे. मी ते आपल्या पद्धतीने सांगते. सप्टेंबरच्या बारा तारखेला ते भट्टीसमोर घसरले होते आणि मनगट मोडून घेतलं होतं. प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ते पहिल्यांदा वर आले, तेव्हा ताईंनी तो हात उलटा केला, सुलटा केला.

"यावर तारीख कुठे आहे?"

"चिठ्ठीवर आहे ना, डॉक्टर."

"डॉक्टर नाही, प्लॅस्टर," ताईंनी दुरुस्त केलं. "आणि चिठ्ठी हरवते. हात हरवत नाही." त्यांनी चिठ्ठी वाचली, सहा आठवडे मोजले आणि पेन घेऊन प्लॅस्टरवर आपल्या आकड्यांत लिहिलं. काढायचं, २४ ऑक्टोबर. मग हसल्या. "तुमची आणि आमची सुटका एकाच दिवशी."

मी २३ दाखवत होते त्या दिवसाची गोष्ट. दुपारचे अडीच वाजून गेले होते. ताईंनी उद्यासाठी कागद काढून ठेवले होते, मीटररावांच्या सदऱ्याला इस्त्री केली होती. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि भट्टीवाले दारात उभे राहिले. उजवा हात वर. मोकळा, पांढराफटक, बारीक झालेला हात.

"डॉक्टर! काढलं!"

ताईंचा चेहरा असा झालेला मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काढलं? आज? चोवीस लिहिलं होतं ना मी? एक दिवस आधी कुणी काढलं? नाव सांगा त्याचं! मी येते तिकडे!"

"पण..."

"पण नाही नि बिण नाही! एक दिवस म्हणजे काय खेळ वाटतो का? बेचाळीस म्हणजे बेचाळीस, एक्केचाळीस नाही!"

भट्टीवाले एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी काखेतला पेपर काढला, उघडून ताईंच्या पुढे धरला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, आज चोवीसच आहे."

ताईंनी पेपर पाहिला. मला पाहिलं. पुन्हा पेपर पाहिला. मग एकदम खाली बसल्या, आणि बसल्या त्या नेमक्या त्या टेबलाशी. खाली नजर गेली. टेबलाच्या पायाखाली नवरोबा.

आता मात्र त्या ओरडल्या नाहीत. त्याच माझ्या ताई. "कचेरी किती वाजता बंद होते?" एवढंच विचारलं.

"चारला."

"तुमची गाडी आहे?"

"पावाची आहे."

"चालेल."

कागद पिशवीत गेले. मग ताईंनी खिडकीतून मलाही उचललं. "चल, तूच सांग त्यांना," म्हणाल्या आणि पिशवीत कोंबलं. बंदराजवळ गाडी थांबली. मीटरराव बाकावर बसून एका म्हाताऱ्याला काहीतरी समजावत होते.

"अहो, बसा गाडीत!"

"अगं, पण माझा सदरा..."

"सदरा राहू द्या! तुमच्या नवरोबाने घात केलाय. म्हणजे दोघांनीही."

पावांच्या रिकाम्या ट्रेमध्ये मीटरराव, पुढे ताई आणि एका हाताने चालवणारे भट्टीवाले. पिशवीच्या तोंडातून मला फक्त आभाळ दिसत होतं आणि ते फार वेगाने सरकत होतं.

कचेरीत पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि एकच उघडी खिडकी. खिडकीमागे गळ्यात चष्म्याची दोरी असलेल्या एक बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, घड्याळ पाहिलं.

"आज शेवटचा दिवस आहे, माहितीये ना?"

"तासाभरापूर्वी कळलं," ताई म्हणाल्या आणि मला काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. "हिलाच विचारा."

"काय लिहिलंय यावर?"

"तेवीस."

"आज चोवीस आहे."

"तेच तर!"

चष्म्याच्या बाईंनी मला क्षणभर न्याहाळलं आणि पुढे सांगायची गरज नाही असा हात केला. मग अर्जावर बोट ठेवलं. "कारण रिकामं आहे. दोन वेगळे अर्ज असतात. पाहुणे म्हणून मुदत वाढवायची की निवृत्तीचा परवाना? आत्ता सांगा, मला खिडकी बंद करायचीय."

"निवृत्तीचा!" मागून मीटरराव म्हणाले.

"थांबा," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा 'हो' म्हणणं सगळ्यात सोपं होतं. नवरा खूश, लेक खूश, खिडकी चारला बंद. आणि 'नाही' म्हणणंही फार अवघड नव्हतं. ताईंनी दोन्ही केलं नाही.

"बाई," त्या आपल्या मोडक्या भाषेत म्हणाल्या, "मी चौतीस वर्षं लोकांची हाडं बांधली. घरचे रोज विचारायचे, जुळलं का? आता सांगा, जुळलं का? मी सांगायचे, मला आतलं दिसत नाही. मुदत भरू द्या, मग कापून बघू. आम्ही आमचं म्हातारपण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतोय. ते इथे जुळेल की नाही, हे मला आज दिसत नाही. खोटं 'हो' लिहून देऊ का तुम्हाला? वाकडं जुळेल."

बाईंनी चष्मा काढला. तो दोरीवर लोंबकळला.

"कारणांच्या यादीत हे नाही," त्या म्हणाल्या.

"यादीत काय आहे?"

"आजारपण, शिक्षण, कुटुंब, इतर."

"इतर," ताई म्हणाल्या, पेन घेतलं आणि रिकाम्या जागेत लिहिलं. हाड जुळायचं आहे.

"कुणाचं हाड?"

मागून भट्टीवाल्यांनी आपला पांढराफटक हात उंच केला. बाई हसल्या. घड्याळाकडे पाहत त्यांनी शिक्का उचलला. "तीन महिने. चोवीस जानेवारी. आणि पुढच्या वेळी कृपा करून हिच्यावर विसंबू नका."

बाहेर आल्यावर मीटररावांनी ताईंची पिशवी आपल्या हातात घेतली. मग म्हणाले, "अगं, तुला इतकं वाटत होतं, मला नीट सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज विचारत होतात. रोज विचारलं की सांगता येत नाही."

मीटररावांनी कान पकडले. "चोवीस जानेवारीपर्यंत मी हा विषय काढणार नाही."

"तुम्ही? तीन महिने?"

"तारीख म्हणजे तारीख," मीटरराव म्हणाले.

आणि त्यांनी ते पाळलं! मी साक्षीला आहे. कितीदा तोंड उघडायचे, "अगं, जर आपण..." असं सुरू करायचे, माझ्याकडे पाहायचे आणि "जर आपण चहा घेतला तर?" असं संपवायचे. दिवसाला नऊ नऊ कप चहा झाला. बडबड्या माणसाने तीन महिने एक प्रश्न गिळून धरणं सोपं नव्हे. मी ताईंचं कौतुक नेहमीच करते, पण त्या तीन महिन्यांत मी मीटररावांनाही मनातल्या मनात सलाम केला. लेक समुद्रावरून आली, सगळा प्रकार ऐकून आधी रागावली, मग रडली, मग तिनेही विषय बंद केला.

या काळात एक गोष्ट झाली. भट्टीवाल्यांचं मनगट ताठरलं होतं. कणीक मळता येईना. ताई खाली गेल्या, त्यांच्या हातात लिंबाएवढा गोळा दिला आणि म्हणाल्या, "हा दाबा. दुखलं की थांबा, पण रोज दाबा." रोज गोळा थोडा मोठा. महिन्याभरात ते पुन्हा परातीवर वाकून मळायला लागले. मग त्यांनी आपल्या आत्याला आणलं, तिचा खांदा वर जात नव्हता. आत्याने शेजारीण आणली. भट्टीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून, रोज सकाळी पाच सहा म्हातारी माणसं कणकेचे गोळे दाबायला लागली. "प्लॅस्टर," ती सगळी ताईंना हाक मारायची, "हे बघा ना, आज इथवर गेला हात!" ताई वर यायच्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत पीठ असायचं आणि मला फिरवताना माझ्या आकड्यांत ते भरायचं.

वीस जानेवारीला संध्याकाळी ताईंनी मीटररावांना समोर बसवलं.

"अजून चार दिवस आहेत," मीटरराव घाईने म्हणाले. "मी काहीच विचारलेलं नाही हं!"

"माहितीये. मी दाबून बघणार आहे. दुखेल तिथे सांगा. आपल्या घराचं दार कायमचं लावायचं. दुखतं?"

मीटरराव हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. कित्येक महिने इथेच राहू, इथेच राहू म्हणणारा तो माणूस हळूच म्हणाला, "दुखतं गं. फार दुखतं."

"मलाही," ताई म्हणाल्या. "तिकडे माझी बहीण आहे. चौतीस वर्षांची ओळख आहे. पण दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं. एवढं मला कळतं. आपण राहू या."

"माझ्यासाठी म्हणतेस?"

"तुमच्यासाठी म्हणायचं असतं तर ऑक्टोबरातच म्हटलं असतं. मला सकाळी खाली कुणीतरी हाक मारतं, अहो. मला पुन्हा कुणीतरी हाक मारतं."

जन्मात एक दिवस आधी प्लॅस्टर न काढणाऱ्या ताई दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या तीन दिवस आधी, कचेरीत गेल्या. मला बरोबर नेलं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. खिडकीत त्याच बाई होत्या. ताईंनी निवृत्तीच्या परवान्याचा अर्ज भरला. नाव, वय, पूर्वीचा व्यवसाय. मग कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बाई, एक रकाना राहिलाय छापायचा."

"कोणता?"

"परत जायची तारीख कुठे लिहायची?"

"यात ती नसते," बाई म्हणाल्या.

ताई पेन धरून थांबल्या. त्यांनी आयुष्यात ज्या कशावर लिहिलं, त्याच्यावर शेवटची तारीख लिहिली होती. हजारो हात, हजारो पाय, प्रत्येकाला सांगितलं होतं की अमुक दिवशी सुटशील. कागदावर ती जागाच नव्हती. मीटररावांनी काही विचारलं नाही. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. खोलीत सगळे ताईंसाठी थांबले होते.

मग ताईंनी खाली सही केली. आपल्या अक्षरात, सावकाश, एकही वेलांटी न सोडता.

मित्रांनो, मी आता त्याच खिडकीत बसते. अंगावर पीठ आहे, एक कोपरा झिजलाय. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याला रोज एकदा हात लावा, आणि त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका; आम्ही चुकतो. पण तुमच्या घरात कुणी आजी, आजोबा, आई, बाबा असतील, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी राहायला येणार असतील, तर त्यांना रोज रोज विचारू नका, ठरलं का, ठरलं का. त्यांना थोडी मुदत द्या. आणि ती संपेपर्यंत चहा करत राहा.